राम झाडावर चढतो

मार्च लागला की माझ्या उजव्या हाताला लाल पेनाची खाज सुटते. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तपासायला घरात एक पेपर नाही, तरी सकाळी वर्तमानपत्र वाचताना चुकलेल्या वेलांटीखाली मी नखानं रेघ ओढतेच. समोरच्या गिरणीवाल्यानं पाटीवर 'पिठ' ऱ्हस्व लिहिलंय. त्याला तीनदा सांगून झालं. चौथ्यांदा सांगायला गेले तर तो म्हणाला, "बाई, पीठ दीर्घ केलं तर दळणाचा भाव वाढवायला लागंल." तेव्हापासून मी त्या पाटीकडे बघत नाही. म्हणजे बघते, पण त्याला कळू देत नाही.

शहापुरातल्या माझ्या घरासमोरून सकाळी साडेनऊपासून परीक्षेची मुलं जायला लागतात. हातात पारदर्शक पाऊच, त्यात दोन निळी पेनं, प्रवेशपत्राची घडी, आणि ओठ सारखे हलत असलेले. दुपारी वारा डोळखांबच्या अंगानं फिरला की जळक्या पाल्याचा वास येतो. हा राबाचा वास. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, कारण बाई आहे, सांगितल्यावाचून राहवत नाही. आमच्याकडे भाताचं रोप जिथं टाकायचं ती जमीन आधी भाजून घेतात. त्यासाठी हिवाळा सरता सरता ऐनाच्या झाडांवर चढून पाल्यासकट डहाळ्या तोडायच्या, त्यांना कवळं म्हणतात. ती वाळवायची, जमिनीवर पसरायची, वर शेण-माती घालायची आणि पेटवून द्यायची. म्हणजे ज्या दिवसांत पोरं व्याकरण घोकत असतात, त्याच दिवसांत त्यांचे बाप झाडांवर चढलेले असतात. माझ्या नोकरीची एकतीस वर्षं या वासात गेली. त्यामुळे कुठंही पाला जळाला की मला वाक्यरूपांतर आठवतं.

आणि चांगुणा आठवते.

चांगुणा आमच्या शाळेत खिचडी शिजवायची. शाळा डोळखांबच्या पुढं, एका पाड्याला लागून. चांगुणा त्याच पाड्यातली, तेव्हा छत्तीस-सदतीस वर्षांची असेल. नववीत असताना लग्न झालं आणि दप्तर माहेरीच खुंटीला राहिलं. खिचडी ढवळता ढवळता ती पहिलीच्या पोरांना गाणी शिकवायची, एकाचं नाक पुसायची, दुसऱ्याला पाढे विचारायची. पाड्यातल्या अंगणवाडीच्या जुन्या बाई काही वर्षांत निवृत्त होणार होत्या. ती जागा आपल्याला मिळावी, एवढीच तिची इच्छा होती. आधी दहावी, मग बारावी, मग अर्ज, असं तिनं बोटांवर ठरवून ठेवलं होतं. बाहेरून बसणाऱ्यांसाठी असतो तो सतरा नंबरचा फॉर्म मीच तिला भरून दिला.

तो भरताना तिचं पूर्ण नाव विचारलं. ती म्हणाली, "चांगुणा."

"पुढं?"

ती पदर तोंडाला लावून हसली. मग घरी जाऊन रेशनकार्ड घेऊन आली आणि माझ्यापुढं धरून म्हणाली, "यात हाय, बाई. तुमीच बघून लिवा." मी बघून लिहिलं. माझ्या कामाच्या घाईत त्या हसण्याकडे मी लक्ष दिलं नाही.

पहिल्या खेपेला गणित निघालं, इंग्रजी सुटलं, विज्ञानात तर चांगले गुण मिळाले. राहिलं ते मराठी. शिक्षकांच्या खोलीत हास्याचा फवारा उडाला. मीही हसले, आणि मग गप्प झाले, कारण विषय माझा होता. चांगुणा मात्र हसली नाही. दाराशी उभी राहून म्हणाली, "बाई, मराठी तर मी रोजच बोलतंय. मग त्यातच कशी नापास झाली?" जुलैच्या फेरपरीक्षेच्या वेळी ती गुडघाभर चिखलात लावणी करत होती. म्हणजे उरला पुढचा मार्च. आणि मे महिन्यात मी निवृत्त होणार होते. "ह्या खेपेला नाय झालं तर नाय, बाई," ती म्हणाली. "मग कोण शिकवल मला?"

तर त्या जानेवारीत आमची शिकवणी सुरू झाली. जागा शाळेची पडवी, वेळ खिचडीची भांडी घासून झाल्यावर. मध्ये सूप, सुपात उद्याचे तांदूळ. ती खडे निवडायची आणि मी वाक्यं टाकायची. समोर कापलेल्या भाताची खाचरं उन्हात पडलेली, पलीकडे डोंगर, आणि टेकाडावरच्या झाडांमधून कोयत्यांचे खटखट आवाज. कवळं तोडायला सुरुवात झाली होती.

मी माझं ठेवणीतलं वाक्य काढलं. "राम झाडावर चढतो. यात कर्ता कोण?"

चांगुणानं एक खडा उचलून लांब फेकला. म्हणाली, "चढणारा."

"हो, पण चढणारा कोण?"

"जो चढतोय तो."

"अगं, त्याला काही नाव आहे की नाही?"

"हाय की," ती म्हणाली आणि पुन्हा पदर तोंडाला. "चांगलं नाव हाय."

मला राग यायला लागला. मी रागीट म्हणून प्रसिद्ध होते आणि ती कीर्ती मी जपली होती. वही ओढून घेतली, बघते तर मी लिहून दिलेल्या प्रत्येक वाक्याखाली तिच्या उत्तरात कर्त्याच्या जागी रेघ. कुठं रेघेऐवजी 'ते'. माझं 'राम आंबा खातो' तिनं खाली 'ते आंबा खातात' असं आदरार्थी करून ठेवलेलं. मी लाल पेन उघडलं आणि त्याच क्षणी मला ते रेशनकार्ड दिसलं. कुटुंबप्रमुखाचं नाव: राम.

आमच्या भागात जुन्या वळणाच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. लग्नात उखाण्यात घेतात, हळदीकुंकवाला घेतात, तेवढंच. एरवी घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं, असं त्यांना लहानपणापासून सांगितलेलं असतं. चांगुणा तर रामफळाला 'ते लाल फळ' म्हणायची आणि रामनवमीला 'चैतातली नवमी'. आणि मी गेली एकतीस वर्षं मराठीच्या फळ्यावर दुसऱ्या कुणाला कामच दिलं नव्हतं. राम आंबा खातो, राम शाळेत जातो, राम नदीत पोहतो. नवीन नाव सुचवायचा आळस, दुसरं काय. गेल्या परीक्षेत या बाईनं व्याकरणाचं पान जवळजवळ कोरं ठेवलं होतं, ते येत नव्हतं म्हणून नव्हे.

मी म्हटलं, ठीक आहे, राम नको. "गणपत शेतात जातो."

तिनं जीभ चावली. गणपत सासऱ्यांचं नाव.

"मधू पाणी पितो."

मधू मोठे दीर. त्यांचंही घ्यायचं नसतं.

शेवटी मी सुरेश आणला. सुरेश चालला. पण तो कोण, कुठला, आंबा का खातोय, कुणालाच काही पडलेलं नव्हतं. चांगुणा त्याची वाक्यं मुकाट्यानं सोडवायची. आणि परीक्षेत काय येणार ते माझ्या हातात थोडंच होतं?

मला त्या दिवसांत एक गोष्ट नव्यानं कळली. जे मी शिकवत होते ते ही बाई जन्मभर जगत होती. मराठीत कर्ता लपवता येतो. "आले का?" "आले." "जेवले?" "जेवायचेत." अख्खं घर चालतं या बोलण्यावर आणि कोण आला, कोण जेवायचा, याबद्दल कुणाची चूक होत नाही. क्रियापदाच्या शेवटाला तो माणूस बसलेला असतो, मानानं, अनेकवचनात. चांगुणाच्या संसाराला एकवीस-बावीस वर्षं झाली होती, त्यात हजारो वाक्यं झाली असतील, आणि प्रत्येकाचा कर्ता तोच, पण एकाही वाक्यात त्याचं नाव नाही. मुरबाडला नवीन नोकरीत असताना एका मुलानं 'कर्ता म्हणजे काय' याचं उत्तर 'घरातला मोठा माणूस' असं लिहिलं होतं. घरी गावठी वाल सोलता सोलता मी तो पेपर तपासला आणि त्याला शून्य दिलं. आज दिलं नसतं.

पण तेव्हा मला परीक्षा दिसत होती. एका गुरुवारी मी तिला पुढ्यात बसवून व्याख्यान दिलं. हे सगळं मनाचे खेळ आहेत. कागदावर लिहिणं म्हणजे नाव घेणं नव्हे. तोंडानं नको घेऊ, हातानं लिही. तुला अंगणवाडी हवी की नको? ती ऐकत राहिली. मी काही बोलले की ती खरंच मानायची, हे माझ्या तेव्हा लक्षात यायला हवं होतं. तिनं पेन्सिल घेतली, पेन नको म्हणाली. आणि सुपावर वही ठेवून, शाळेत नव्यानं आलेल्या पोरासारखं जीभ बाहेर काढून लिहिलं: राम झाडावर चढतो. कर्ता: राम. मी त्यावर लाल बरोबर केलं, भलं मोठं.

रविवारी राम ऐनाच्या झाडावरून पडला.

कवळं तोडताना फांदी मोडली आणि कोयत्यासकट तो खाली आला. पाय दोन ठिकाणी मोडला. शहापूरला आणून प्लास्टर घातलं. मला हे सोमवारी शाळेत कळलं, कारण खिचडी दुसरीच बाई शिजवत होती. त्या हंगामात आमच्या पाड्यांमधून दर वर्षी कोणी ना कोणी झाडावरून पडतं. मी हे स्वतःला दिवसभर सांगत होते. 'चढतो' हे वाक्यही माझंच होतं, हेही दिवसभर आठवत होतं.

आठवड्यानं मी त्यांच्या घरी गेले. राम ओटीवर खाटेवर, पाय उशीवर. चांगुणानं कोरा चहा दिला. रागानं एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. मी निघताना तिनं आतून ती वही आणली, फडक्यात गुंडाळलेली, आणि माझ्यापुढं धरली. "तुमची वही, बाई. आता मला नको."

खरं सांगायचं तर मला रडू आलं. तिच्यासाठी आलं आणि माझी लाजही वाटली. कारण इतकं शिकलेली, व्याख्यान देणारी मी तरी वेगळी कुठं होते? नवऱ्याला मी 'अहो' म्हणायची. दवाखान्यात एकदा खिडकीवरच्या मुलीनं पेशंटचं नाव विचारलं तर मी पर्समधून कागद काढून लिहून दिलं होतं. ते जाऊन आता तीन वर्षं झाली. पेन्शनच्या कागदांवर, बँकेत, आता मी त्यांचं नाव घेते, वडिलांच्या आणि आडनावासकट, मोठ्यानं. अडवत कुणीच नाही. पण मला ते घ्यायला आवडत नाही.

तर मी वही घेऊन पायरी उतरणार, एवढ्यात रामनं खाटेवरून हाक मारली. "बाई, ती वही हिकडं द्या जरा."

राम सातवी शिकलेला. भात झोडून झालं की कसाऱ्याला मिळेल त्या कामावर जायचा, माघात कवळं तोडायला परत यायचा. बारीक, काटक माणूस, डोळ्यांत सदा काहीतरी खोडी. त्यानं फडकं सोडलं, पानं उलटली आणि मोठ्यानं वाचायला लागला. "राम आंबा खातो. राम शालेत जातो. राम नदीत पोवतो." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "बाई, एवढी कामं मी कवा केली? अन् पगार कोण देणार?"

चांगुणा दारात पाठमोरी उभी.

तो त्या पानावर आला. लाल बरोबरवर बोट ठेवून बराच वेळ बघत राहिला. "अक्षर चांगलं हाय गो तुझं," म्हणाला. मग म्हणाला, "बाई, फांदी वालकी व्हती. मीच नाय बघितली. पन हिला ते पटायचं नाय. तवा हिच्यापरमानंच बोलूया." आणि तिच्याकडे वळून, अगदी शांतपणे: "तू चढतो लिवलंस. उतरतो कुठं लिवलंस?"

चांगुणा वळली.

"चढतो लिवून वही मिटलीस. मग मी उतरनार कसा? अर्धंच सोडलंस मला वर. पडनार नाय तर काय?" त्यानं पेन्सिल तिच्यापुढं धरली. "घे. उतरव मला खाली."

"नाय," ती म्हणाली.

"मी नाव घेतो. तू निसतं लिव. राम," तो म्हणाला. "लिव गो. राम."

अंगणात वाळत घातलेल्या कवळांचा पाला वाऱ्यावर सळसळत होता. ती ओटीवर बसली, वही मांडीवर घेतली. तो एकेक शब्द सांगत गेला आणि ती लिहीत गेली. राम झाडावरून उतरतो. लिहून झाल्यावर तिनं वर मान करून त्याच्याकडे पाहिलं, डोक्यापासून प्लास्टरपर्यंत, नीट. माझ्याकडे दोघांचंही लक्ष नव्हतं. एकतीस वर्षांत मी इतकं चांगलं शिकवलेलं मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती परत आली. पण एक अट घालून. "पेपरात काय येल कोणाला ठाव. त्यांचं नाव आलं तर लिवीन. पन मला ते समोर दिसायला पायजेत. दिसले तरच."

"अगं, परीक्षेच्या वर्गात नवरा कसा दिसणार?"

"ते मला नाय ठाव, बाई."

डॉक्टरांनी पाय जमिनीला टेकायचा नाही असं बजावलं होतं. रामनं मात्र तिला सांगितलं, "डॉक्टर बोलला, थोडं थोडं चाला, चांगलं असतं." मी ते ऐकलं आणि गप्प बसले. आयुष्यात चुकीच्या वाक्याला मी जाणूनबुजून बरोबर दिलेलं ते एकच.

केंद्र शहापूरला. आदल्या दिवशी मी जाऊन फलकावरची बैठक व्यवस्था पाहिली. चांगुणाचा वर्ग तळमजल्यावर, रस्त्याच्या बाजूला, तिचा बाक खिडकीपासून दुसरा. माझं नशीब म्हणा किंवा तिचं. कुंपणाबाहेर एक करंजाचं झाड होतं, तिथून ती खिडकी सरळ दिसत होती. मराठीचा पेपर पहिलाच असतो. सकाळी राम डोळखांबहून जीपमध्ये पुढच्या सीटवर पाय ताणून बसून आला. काखेत कुबड्या, धुतलेला सदरा, प्लास्टरवर नेसवलेलं जुनं धोतर. चांगुणा आत गेली. जाताना मागं वळून त्याला म्हणाली, "बसू नका हां. बसलात तर भिंतीआड जाल." कुंपणाची भिंत छातीएवढी होती. बसला असता तर खरंच दिसला नसता.

अकराची घंटा झाली आणि बंदोबस्ताचा हवालदार आमच्याकडे आला. परीक्षेच्या दिवसांत कुंपणाबाहेर घुटमळणारा प्रत्येक माणूस त्याच्या लेखी कॉपी पुरवणारा असतो, आणि बहुतेक वेळा तो बरोबर असतो. "काय हो, इथं काय? चला, लांब व्हा. काय देताय आत?"

"काय नाय, साहेब," राम म्हणाला. "मी निसता दिसायला आलोय."

हवालदारानं माझ्याकडे पाहिलं. मी माझा एकतीस वर्षांचा बाईपणा पणाला लावून त्याला सगळं सांगितलं. झाड, फांदी, वाक्य, सगळं. ऐकून तो डोकं खाजवत गेला आणि थोड्या वेळानं कुठूनतरी प्लास्टिकची खुर्ची घेऊन आला. "बसा, पाहुणं."

"बसता येत नाय ना," राम म्हणाला.

मग त्या खुर्चीवर मी बसले. तीन तास. करंजाची सावली आमच्यावरून सरकून पलीकडे गेली, ऊन डोक्यावर आलं. मी छत्री धरली तर तो म्हणाला, "बाई, तोंड झाकतंय," म्हणून मिटली. दर थोड्या वेळानं तो एका कुबडीवरून दुसऱ्या कुबडीवर भार टाकायचा. प्लास्टरमधून दिसणारी बोटं सुजून चकचकीत झाली होती. मी म्हटलं, "राम, जरा टेक." तो खिडकीवरची नजर न काढता म्हणाला, "आता लिवत आसंल." मी मधूनमधून उठून भिंतीवरून बघायची. आत, जाळीमागं, हिरव्या साडीतली चांगुणा खाली वाकलेली. मधूनच मान वर व्हायची, क्षणभर बाहेर बघायची, पुन्हा खाली. एकदा ती मान बराच वेळ वर राहिली. राम कुबड्यांवर आणखी ताठ झाला. एक हात सोडून त्यानं डोक्यावर ठेवला, उंची दाखवावी तसा. मान खाली गेली.

दोनच्या घंटेनंतर मुलं लोंढ्यानं बाहेर आली आणि त्यांच्यामागून ती. रामनं विचारलं, "काय आल्तं?"

"तुमीच आल्ते," ती म्हणाली.

"झाडावर?"

"नाय. अमका नेमी खरं बोलतो. नकारार्थी करा."

"मग? केलं?"

"केलं." ती खाली वाकली, पदरानं त्याच्या पायाच्या बोटांवरची धूळ पुसली, सूज पाहिली. वर न बघता विचारलं, "डॉक्टर बोलला ना, चाला म्हनून?"

राम शहापूरच्या रस्त्यावरची गाड्या-माणसं फार लक्षपूर्वक बघायला लागला.

"कधीच खोटं बोलत नाय, असं लिवलंय तुमच्याबद्दल," चांगुणा म्हणाली. "मार्क हाय म्हनून. न्हायतर असलं कोन लिवतं?"

मग पहिल्यांदा तो बसला. त्या खुर्चीत. आणि ती कुंपणाला टेकून, परीक्षेच्या पाऊचनं त्याला वारा घालत उभी राहिली.

निकाल जूनमध्ये, शाळा उघडल्यावर लागला. मी निवृत्त झाले होते, तरी तो शाळेच्या पडवीत जाऊनच माझ्या मोबाइलवर पाहिला. बैठक क्रमांक टाकला. पुढं आईचं नाव लागतं. विचारलं तर चांगुणा एकदम उजळली. "ठमी," ती म्हणाली. "ठमाबाई. किती वर्सांनी घेतलं बाय आयचं नाव." गोल फिरणारं चाक थांबलं. मराठीत त्रेपन्न. तिनं आकडा दोनदा वाचायला लावला आणि मग उठून चुलीकडे गेली, कारण खिचडी लागत होती. बारावी तिनं पुढं केली. अंगणवाडीच्या जागेला अर्ज गेलाय, अजून कागद हलायचाय. मध्यंतरी भेटली तेव्हा म्हणाली, "होईल, बाई, घाई नाय." राम अजून किंचित लंगडतो, आणि अजून झाडावर चढतो.

त्याआधी, माझ्या निरोपाच्या दिवशी मला शाल मिळाली, नारळ मिळाला, एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं. चांगुणानं ती वही दिली. फडक्यात गुंडाळलेली. "तपासून ठेवा, बाई," म्हणाली.

घरी येऊन मी सवयीनं लाल पेन घेतलं आणि वही उघडली. माझी सगळी जुनी वाक्यं तिथं होती. आणि प्रत्येकाखाली, कुणी न सांगता, पेन्सिलनं तिनं आणखी एक ओळ लिहिली होती. राम शाळेत जातो. राम घरी येतो. राम नदीत पोहतो. राम काठावर येतो, अंग पुसतो. राम गावाला गेला. राम सांजच्या गाडीनं परत आला. पानामागून पान. मी त्याला जिथं जिथं धाडलं होतं, तिथून तिनं त्याला परत आणून ठेवलं होतं.

या मार्चातही मी ती वही काढली. बाहेर राबाचा धूर, समोर गिरणीवाल्याची पाटी. लाल पेनाची खाज होतीच. शेवटच्या पानावर माझं वाक्य आहे: राम झोपतो.

त्याच्याखाली चांगुणाच्या अक्षरात: राम सकाळी उठतो आणि चहा मागतो.